पाळकाच्या घरचा शोक



१८३१ सालच्या डिसेंबरात अमेरिकन मराठी मिशनचे चार जण अहमदनगरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, राहायला आले. ॲलन ग्रेव्ह्‌ज, हॉलिस रीड, विल्यम हर्वी आणि बाबाजी नावाचे एक ब्राह्मण ख्रिस्ती गृहस्थ. हर्वी यांची पत्नी त्याच वर्षी मुंबईत वारली होती. पुढच्या मे महिन्यात हर्वी स्वतः कॉलऱ्याने गेले. १८३३ च्या एप्रिलात बाबाजी गेले, तेही कॉलऱ्यानेच. नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांचा इतिहास आपण सांगतो तेव्हा शाळा, दवाखाने, 'ज्ञानोदय' हे नियतकालिक, कीर्तनं, दुष्काळातली कामं यांच्याबद्दल अभिमानाने बोलतो, आणि बोलायलाच हवं. पण या कामाचं पहिलं दीड वर्ष असं होतं. चारांतले दोघे मातीआड गेले आणि उरलेल्यांनी दुसऱ्या दिवशी काम पुढे चालवलं. शोकाला थांबायला जागा नव्हती. ती जागा आपण नंतरही केली नाही, असं मला वाटतं, आणि आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

ज्या पाळकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांच्या सेवेविषयी या व्यासपीठावरून पुष्कळ बोललं गेलं आहे. मी त्यांच्या घराविषयी बोलणार आहे. तशी परवानगी मी पाळकीणबाईंकडून घेतली आहे. त्या म्हणाल्या, "सांगा, पण नुसतं आमचं सांगू नका. सगळ्यांचं सांगा."

सगळ्यांचं म्हणजे कोणाचं? चर्चची सेवा म्हटलं की वेदीजवळचा पांढरा झगाच आपल्याला दिसतो. पण रविवारी साडेआठची उपासना वेळेवर सुरू होते, कारण कोणीतरी सहाला उठून दारं उघडलेली असतात, बाकं पुसलेली असतात, पेटी-तबला काढून ठेवलेला असतो, घंटा दिलेली असते. तो चर्चचा शिपाई. दाखले लिहिणारा, वर्गणीच्या पावत्या फाडणारा कारकून. वस्तीवस्तीत पायी फिरणारी बायबल बाई. रविवार शाळा घेणारी शिक्षिका. आणि पाळकीणबाई, जिचं नाव कोणत्याही पगारपत्रकावर नसतं. मंडळी पाळक एक नेमते आणि माणसं दोन कामाला लावते. मी वर्षानुवर्षं मंडळीचा खजिनदार होतो. पगारपत्रकं मी स्वतः लिहिली आहेत, म्हणून हे ठामपणे सांगतो.

पाळकाचा आठवडा कसा जातो हे समोरून बघणाऱ्याला कळत नाही. सोमवार सुटीचा, असं कागदावर असतं. पण मरण वार बघून येत नाही. रात्री दोनला सिव्हिल हॉस्पिटलमधून फोन येतो, पाळक उठून जातो. तिथे पहिला तास प्रार्थनेचा. दुसऱ्या तासापासून त्याला विचारायला लागतात: पेटी कुठून आणायची, कबर कुठे खणायची, आजोबांच्या कबरीवर जागा मिळेल का, मुंबईहून थोरला येईपर्यंत थांबायचं की नाही. दोन भाऊ दहा वर्षं एकमेकांशी बोलत नसतात. त्यांना पेटीच्या एकाच बाजूला खांदा द्यायला लावण्याचं काम पाळकाचंच. दफनभूमीत जागा संपत आली आहे, म्हणून तिथे वाद. पाच वाजता माती दिली जाते. साडेसातला त्याच मंडळीतल्या दुसऱ्या घरी साखरपुडा असतो, आणि बुटांची माती झटकून पाळक तिथे हसतमुखाने उभा राहतो. हसणं खोटं नसतं. त्या मुलीला त्यानेच बाप्तिस्मा दिलेला असतो, तिचं त्याला खरंच कौतुक असतं. पण या दोन घरांच्या मध्ये त्याला रिक्षातली वीस मिनिटं मिळतात, आणि त्यातही फोन वाजतो.

गावाकडचा पाळक असेल तर त्याच्याकडे एक मंडळी नसते, दोन-तीन असतात. सकाळची उपासना एका गावी, दुपारची दुसऱ्या, मध्ये मोटरसायकल आणि ऊन. आपल्या गावांतल्या बहुतेक ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज महार-मांग समाजांतून आले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे त्यांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नाहीत. शिक्षण तुटतं, नोकरी मिळत नाही, आणि मग चार अक्षरं लिहिता येणारा, कचेरीत जाऊन साहेबापुढे उभा राहू शकणारा माणूस म्हणून पाळकाकडे येतात. रेशन कार्ड, शाळेचा प्रवेश, दवाखान्याची चिठ्ठी, पोलीस ठाण्यात अडकलेला पोरगा, दारू पिऊन बायकोला मारणारा जावई, सगळं त्याच्या दारी. हे त्याच्या नेमणूकपत्रात नसतं. नाही म्हणायची सोयही नसते, कारण नाही म्हटलं तर ती माणसं दुसरीकडे कुठे जाणार, हे त्याला माहीत असतं.

नाताळचं सांगतो. कॅरल पार्टी घरोघर फिरते तेव्हा पाळक तिच्याबरोबर रोज मध्यरात्रीपर्यंत असतो. मग पूर्वसंध्या, मग पंचवीस तारीख, मग एकतीसची रात्र, मग नवं वर्ष. उपवासकाळात चाळीस दिवस घराघरांत प्रार्थना, उत्तम शुक्रवारी बारा ते तीन, आणि पुनरुत्थानाच्या रविवारी पहाटे अंधारात कबरस्थानात भक्ती. लोकांचे सण हे त्याच्या सर्वांत जड कामाचे दिवस. एका पाळकाच्या मुलीने मला सांगितलं होतं की नाताळच्या दिवशी वडिलांबरोबर दुपारचं जेवण केल्याचं तिला आठवतच नाही. ती हे चिडून सांगत नव्हती. म्हणूनच ते माझ्या मनातून गेलं नाही.

आता दुःखाकडे येतो.

पवित्र शास्त्रात याविषयी दोन ठिकाणं आहेत, आणि आपण त्यांवर फारसं प्रवचन ऐकत नाही. एक लेवीयच्या दहाव्या अध्यायात. अहरोन हा मुख्य याजक. त्याचे दोन मुलगे, नादाब आणि अबीहू, वेदीपाशीच मरतात. अहरोन गप्प राहतो. मोशे त्याला आणि उरलेल्या मुलांना सांगतो की केस मोकळे सोडू नका, कपडे फाडू नका, दर्शनमंडपाचं दार सोडून जाऊ नका. रडायचं ते इतर इस्राएल लोक रडतील. हा आदेश आपण लक्षात ठेवला. पण तो अध्याय तिथे संपत नाही. त्याच दिवशी पापार्पणाचं मांस याजकांनी नियमाप्रमाणे खाल्लं नाही हे कळल्यावर मोशे रागावतो. तेव्हा अहरोन पहिल्यांदा तोंड उघडतो. आज माझ्यावर जे ओढवलं ते ओढवल्यावर मी ते खाल्लं असतं तर ते परमेश्वराला बरं वाटलं असतं का, अशा अर्थाचं तो विचारतो. आणि मोशे ते ऐकून घेतो. त्याला ते पटतं. नियमशास्त्र आणणारा मोशे एका बापाच्या दुःखापुढे नियम बाजूला ठेवतो. मुलगे गमावलेल्या याजकाला एका दिवसापुरती मोकळीक देणारं हे वचन पवित्र शास्त्रात आहे, आणि ते आपण वाचून पुढे जातो.

दुसरं ठिकाण यहेज्केलच्या चोविसाव्या अध्यायातलं. देव संदेष्ट्याला सांगतो की तुझ्या डोळ्यांना सुख देणारी मी एका तडाख्याने काढून घेणार आहे आणि तू रडायचं नाहीस. तो सकाळी लोकांशी बोलतो, संध्याकाळी त्याची बायको मरते, दुसऱ्या सकाळी तो सांगितल्याप्रमाणे वागतो. हा अध्याय भयंकर आहे. पण तिथे एक गोष्ट घडते. लोक त्याच्याकडे बघून थबकतात आणि विचारतात, हे तुम्ही असं का वागता, याचा आमच्याशी काय संबंध? म्हणजे बायको गेल्यावर न रडणारा सेवक त्यांना विचित्र वाटला. ती खूण होती, एकदाच दिलेली. यरुशलेमचं मंदिर पडणार होतं, त्याची. आपण मात्र त्या खुणेची वहिवाट करून टाकली. पत्नीला माती देऊन तिसऱ्या दिवशी वेदीपुढे उभा राहणारा पाळक आपल्याला विचित्र वाटत नाही. आपण त्याला काही विचारत नाही.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत त्यांचा धाकटा मुलगा कावीळ होऊन गेला. शाळकरी वयाचा होता. पावसाळ्याचे दिवस, रस्ता बंद, शेजारच्या गावचे पाळक पोचू शकले नाहीत. तेव्हा दफनविधी बापानेच चालवला. गीत त्यांनीच सांगितलं, वचन त्यांनीच वाचलं, पहिली मूठ माती त्यांनीच टाकली. आवाज कुठेही कापला नाही. मी तेव्हा कॉलेजात होतो, छत्री धरून त्यांच्या मागे उभा होतो. परतताना सगळी मंडळी एकच बोलत होती: "काय विश्वास आहे साहेबांचा!" घरी आल्यावरही भेटायला येणारा प्रत्येक जण हेच म्हणत होता. दुसऱ्या रविवारी उपासनेत एका पंचाने उभं राहून त्यांच्या विश्वासाबद्दल देवाचे आभार मानले.

पाळकीणबाईंनी मला फार वर्षांनी सांगितलं की त्या रविवारनंतर घरात मुलाचं नाव निघणं बंद झालं. "सगळे म्हणाले साहेब खंबीर आहेत. मग ते खंबीर राहिले. मग मलाही राहावं लागलं." ते रात्री अंगणात फेऱ्या मारायचे. कोणी विचारलं तर प्रवचनाची तयारी करतो म्हणायचे.

माझा आजचा मुद्दा या घटनेत सगळा आहे. आपली मंडळी निर्दय नव्हती. त्या दिवसांत घरोघरून डबे आले, बायका पाळकीणबाईंजवळ बसल्या, पुरुषांनी कबर चिखलातून खणली. पण विश्वासाची स्तुती करून आपण त्या माणसाला अशा जागी नेऊन बसवलं की तिथून खाली उतरून रडणं म्हणजे विश्वास गमावणं ठरलं असतं. इतरांना आपण सांत्वन देतो. पाळकाला मात्र शाबासकी देतो. तिच्यामुळे पाळकाच्या घराचं शोकाचं दार बाहेरून बंद होतं.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण आपण नेहमी देतो. त्यांचे आई-वडील दुष्काळाच्या दिवसांत गेले, भाऊ १८८० मध्ये गेला, नवरा १८८२ मध्ये कॉलऱ्याने गेला. राहिली एक मुलगी, मनोरमा. ती शिकली, परदेशी जाऊन आली, आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आईचा उजवा हात झाली. तिथे शेकडो मुली आणि बायका होत्या, दुष्काळाच्या वर्षांत त्याहून कितीतरी अधिक. त्या सगळ्यांची आई असलेल्या बाईची स्वतःची एकुलती मुलगी १९२१ च्या जुलैत वारली. रमाबाई १९२२ च्या ५ एप्रिलला गेल्या. मधल्या महिन्यांत मराठी बायबलच्या भाषांतराचं काम चालूच होतं, आणि आपण ते निष्ठेचं उदाहरण म्हणून सांगतो. ते आहेच. पण मी ते साडेआठ महिने मोजतो तेव्हा मला दिसते ती मुलीमागोमाग गेलेली आई. त्या महिन्यांत मुक्तीच्या आवारात तिच्याजवळ बसून 'मनोरमा' हे नाव उच्चारायची परवानगी कोणाला होती?

एकट्या स्त्रियांचं दुःख आणखी अदृश्य. सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईला आल्या, लग्न न झालेल्या, मिशनने मुलींच्या शाळांसाठी पाठवलेल्या. १८३९ पासून नगरात. त्यांची शाळा जोतीराव फुले यांनी पाहिली होती, आणि सावित्रीबाई त्यांच्याकडे अध्यापन शिकल्या. १८६२ मध्ये त्या नगरातच वारल्या. तीन दशकांहून जास्त काळ! अशा बाईबद्दल मंडळी मानते की हिला घर नाही, म्हणजे हिला वेळ आहे. पुढच्या काळातल्या आपल्या बायबल बायांचंही तेच झालं. त्यांच्यातल्या अनेक विधवा होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या. दिवसभर दुसऱ्या बायकांची रडणी ऐकून संध्याकाळी त्या एका खोलीत परत यायच्या. त्या खोलीत त्यांचं ऐकायला कोणी नव्हतं. मी लहान असताना एक बाई आमच्या वस्तीवर यायच्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत नवा करार आणि पोरांसाठी चणे. त्यांना मुलंबाळं होती की नाही हे आम्हाला कधीच कळलं नाही, कारण आमच्यापैकी कोणी कधी विचारलं नाही.

पैशाविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून काही वर्षं वेगळ्या राहिल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्यांचं 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालं. मराठी साहित्याचे लोक त्या पुस्तकाकडे भाषेसाठी जातात. चर्चच्या माणसांनी ते सेवकाच्या संसाराचा हिशेब म्हणून वाचावं, असं मी तरुणांना आग्रहाने सांगतो. हातात आलेला पगार घरापर्यंत पोचेल याची खात्री नाही, कारण वाटेत कोणीतरी गरजू भेटणार. न सांगता पाहुणे येणार. टिळकांचं मन मोठं होतं, आणि त्या मोठ्या मनाची किंमत स्वयंपाकघरात चुकवली जात होती. लक्ष्मीबाई हसत हसत सांगतात, पण काही लपवत नाहीत. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' नावाचा बंधुसंघ सुरू केला. मिशनरी मालक आणि देशी ख्रिस्ती नोकर हे नातं त्यांना मोडायचं होतं, आणि त्यांचं बरोबर होतं असं मी मानतो. पण पगार सोडण्याचा निर्णय त्यांचा होता. पगाराविना चूल पेटती ठेवण्याचं काम लक्ष्मीबाईंचं होतं. १९१९ च्या मे महिन्यात टिळक गेले. त्यांनी सुरू केलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं राहिलं होतं. तेही लक्ष्मीबाईंनीच पुरं केलं.

यातून मी एका गोष्टीकडे येतो जी मला सर्वांत जास्त टोचते. ती म्हणजे घर.

पाळक पाळकनिवासात राहतो. ते मंडळीचं किंवा ट्रस्टचं असतं. बदली झाली की सोडायचं. मुलं एका शाळेतून दुसऱ्या शाळेत, एका गावातून दुसऱ्या गावात, आणि प्रत्येक ठिकाणी 'पाळकाची मुलं' म्हणून पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या नजरेत. ते सोसता येतं. पण पाळक सेवेत असताना मेला तर? त्याच्या बायकोचा नवरा जातो. पगार थांबतो. पाळकनिवास नव्या माणसासाठी रिकामं करायचं असतं. आणि ज्या मंडळीत ती वीस-पंचवीस वर्षं प्रत्येक बाळंतपणाला, प्रत्येक मयताला गेली, तिथे आता तिचं स्थान काय ते कोणालाच माहीत नसतं. दुसरी पाळकीणबाई आलेली असते. म्हणजे नवरा, पोट, छप्पर आणि माणसं असं सगळं एकाच खुंटीला टांगलेलं, आणि खुंटी निघाली की सगळं एकदम खाली. कारखान्यातल्या कामगाराच्या विधवेचं दुःख कमी असतं असं मी म्हणत नाही. पण तिचं चर्च तरी तिच्याजवळ राहतं. पाळकाच्या विधवेला आपल्या दुःखात ज्या चर्चमध्ये जायचं, तेच चर्च तिला घर रिकामं करायची तारीख विचारत असतं.

मी ओळखत असलेल्या एका बाईंना दफनानंतर महिन्याच्या आत सामान हलवावं लागलं. परीक्षा जवळ आलेला मुलगा होता. कमिटीतले लोक वाईट नव्हते. नवे पाळक भाड्याच्या खोलीत राहत होते, त्यांच्या घरीही लहान मूल होतं, आणि घर एकच होतं. कोणावर बोट ठेवायचं? बोट ठेवायला माणूस सापडत नाही म्हणून हा प्रश्न शंभर वर्षं तसाच पडून आहे. व्यवस्थेतच ती जागा रिकामी सोडलेली आहे.

करोनाच्या साथीत, २०२० आणि २०२१ मध्ये, हे सगळं एकाच वेळी पुढे आलं. मोजक्या माणसांत दफन, अंगावर तो प्लास्टिकचा पोशाख, घरच्यांना चेहराही बघायला मिळत नाही, आणि पाळक एका दिवसात दोन-दोन ठिकाणी. सांत्वनाला घरी जाता येत नव्हतं, म्हणून फोनवर प्रार्थना, रात्रीपर्यंत. काही पाळकही गेले. चर्चचे शिपाई गेले. जे वाचले त्यांच्याशी मी नंतर बोललो. त्यांच्यातल्या एका तरुण पाळकाने एक गोष्ट सांगितली, आणि ती इथे सांगायला त्याची हरकत नाही. लाट ओसरल्यावर त्याला कित्येक महिने प्रार्थनाच करता येत नव्हती. इतरांसाठी मोठ्याने येत होती, शब्द तयार होते. खोलीत एकटा असताना येत नव्हती. हे त्याने कोणाला सांगावं? मंडळीला सांगितलं तर मंडळी घाबरेल. वरिष्ठांना सांगितलं तर बदलीच्या यादीत नाव जाईल. मित्राला सांगावं, तर सेवेत आल्यापासून मंडळीबाहेर त्याला मित्र उरलेला नाही आणि मंडळीतल्या माणसांचा तो पाळक आहे. ज्याची श्रद्धा हीच नोकरी आहे त्याला शंका येणं परवडत नाही. आपल्यापैकी इतर कोणाला शंका आली तर आपण दोन रविवार चर्चला जात नाही, बस. त्याला तेवढीही सवलत नाही.

काहीजण मला विचारतील की मग विश्वासाचं काय. ख्रिस्ताचा सेवक मरणाला भितो का? मी एवढंच म्हणेन की लाजराच्या कबरेपाशी उभ्या असलेल्या येशूला पुढे काय होणार ते माहीत होतं. काही क्षणांत लाजर बाहेर येणार होता. तरी तो रडला, आणि लोकांच्या देखत रडला. रतामाच्या झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीयाला देवाने उपदेश केला नाही. त्याला झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. कामाचं बोलणं त्यानंतर, लांबच्या चालीनंतर, डोंगरावर झालं.

म्हणून माझं मागणं साधं आहे, आणि खजिनदाराच्या भाषेत आहे. सेवकाच्या घरात मृत्यू झाला तर त्याला किमान दोन रविवार वेदीपासून दूर ठेवावं, मागितलं नाही तरी. आणि बदली पाळक बोलावण्याचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरलेला असावा. दफनविधी बापाने किंवा मुलाने चालवायचा नाही, रस्ता बंद असेल तर मंडळीतल्या कोणीही वचन वाचावं, त्यात काही बिघडत नाही. विधवेला शाळेचं वर्ष संपेपर्यंत घर सोडायला सांगू नये, आणि नव्या पाळकाचं भाडं तोपर्यंत मंडळीने भरावं. त्याहून चांगलं म्हणजे सेवेच्या पहिल्या वर्षापासून सेवकाच्या नावाने घरासाठी वेगळी रक्कम ठेवावी, थोडी का होईना, जी बदलीबरोबर त्याच्यासोबत जाईल. शिपायाला आणि कारकुनाला लेखी नेमणूक आणि भविष्यनिर्वाह निधी हवा. आमच्या शिपायाने तीस वर्षं घंटा दिली आणि निवृत्तीला त्याला शाल मिळाली. शालीला माझी हरकत नाही, पण शालीवर म्हातारपण निघत नाही. आणि प्रत्येक पाळकाला मंडळीबाहेरचा, बदलीचा अधिकार नसलेला एक वयस्क सेवक असावा, ज्याच्याकडे तो महिन्यातून एकदा जाऊन बसेल. काय बोलला हे कोणी विचारायचं नाही.

यात न परवडणारं काही नाही. आपण दर वर्षी रंगरंगोटीला, ध्वनिक्षेपकाला, नाताळच्या मंडपाला पैसे काढतो, आणि ते काढावेतच. मी त्या वह्या लिहिल्या आहेत. त्यांत जागा आहे.

वार्षिक सभा आता जवळ आल्या आहेत. इथे वेगवेगळ्या मंडळ्यांचे पंच आणि सभासद बसले आहेत. तुमच्या सभेत हा विषय तुम्ही स्वतः उभं राहून मांडा. लेखी द्या, विषयपत्रिकेत घ्यायला लावा, आणि त्यावर बोलणं चालू असताना पाळकसाहेबांना बाहेर बसायची विनंती करा. त्यांना हे मांडायला सांगू नका. ते म्हणतील, "राहू द्या, आधी छपराची गळती बघू."